सात नंबर गेल्यावर

सात नंबर फाटकात थांबली.

पुढचे दोन पाय शेडच्या आवारात, मागचे दोन कुरणात, आणि मान सरळ. तिच्या मागे अठरा घोड्या एकीमागे एक उभ्या राहिल्या. कुणी पुढचीला ढुशी दिली नाही, कुणी खूर आपटला नाही. हळूबाईच्या हातात सात नंबरची म्होरकी होती, पण ती नुसती धरायची म्हणून धरलेली. अकरा वर्षांत त्या घोडीला ओढायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

शेडच्या दारातून मुकादम मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. हळूबाईने घोडीच्या मानेवर तळहात ठेवला. कातडीखाली काहीतरी बारीक थरथरत होतं, शेजारच्या घरात शिवणयंत्र चालू असलं की भिंत थरथरते तसं. हिला आज परत न्यावं, असं तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. मुकादमाने पुन्हा घड्याळ दाखवलं, तेव्हा तिने टाळूला जीभ लावून एकदाच बारीक 'टक्' केलं. घोडीने एक कान तिच्याकडे वळवला. मग ती चालू लागली आणि तिच्या मागून बाकीच्या.

तासाभरात सात नंबर मेली. लाकडी खोड्यात जखडून उभी असताना, रक्त काढायची मानेतली सुई निघायच्या आधीच, तिचे पुढचे गुडघे दुमडले. घोड्यांच्या डॉक्टरबाई हातातलं टाकून धावत आल्या, छातीला कान लावला, इंजेक्शन दिलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वय झालं होतं, असं मुकादम म्हणाला. तो ते तीनदा म्हणाला.

मागच्या दाराने ट्रॉलीत घालून तिला नेलं. बाकीच्या घोड्यांना दिसू नये म्हणून मुद्दाम मागच्या दाराने. त्या शेडच्या दुसऱ्या बाजूला, बाहेरच्या कठड्यात आपापली पाळी येण्याची वाट बघत होत्या. मधे विटांची आख्खी भिंत होती, तिला खिडकी नव्हती. तरीही ट्रॉली हलली तशी अठराच्या अठरा माना भिंतीच्या कडेकडेने हळूहळू फिरत गेल्या. ट्रॉली रस्त्याला लागून दिसेनाशी झाली त्या दिशेला येऊन त्या थांबल्या. हळूबाईने ते पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

सांगण्याचा तिचा स्वभावच नव्हता. बाई बावन्न वर्षांची, अंगाने किरकोळ, बोलणं इतकं हळू की समोरच्याला "काय?" म्हणून पुढे वाकावं लागे. म्हणून हळूबाई. खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आपण भले आणि आपलं काम भलं. काम असं की, सापाच्या विषावरची लस तयार होते ती घोड्यांच्या रक्तातून. घोड्यांना विष थोडं थोडं टोचत जायचं, त्यांच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, मग ठरावीक दिवसांनी ते रक्त काढायचं. कुणाच्या तरी अंगणात, शेतात, गोठ्यात साप चावतो आणि कुठली तरी कधी न पाहिलेली घोडी त्या माणसाला वाचवते. हळूबाई बावीस वर्षं या घोड्यांना चारा घालत होती, खरारा करत होती, आणि रक्ताच्या दिवशी कुरणातून शेडपर्यंत आणत होती.

घोड्यांना नंबर होते. हळूबाईने मनातल्या मनात नावंही ठेवली होती. चौदा नंबर ही 'सासू'. दांडगी काळी घोडी. कान मागे पाडून नुसती बघायची आणि समोरची हौद सोडून बाजूला व्हायची. नाही झाली तर दात. तीन नंबर ही 'बारकी', सगळ्यांत खालची. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर हिने प्यायचं, सगळ्यांचं खाऊन झाल्यावर हिने तळ चाटायचा. सात नंबरला मात्र तिने नाव ठेवलं नव्हतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सात नंबर मरण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरबाईंनी एक काम काढलं होतं. त्या नव्याने आलेल्या, वयाने तिशीच्या आतबाहेर, हौशी. कळपात कोण कुणाला जागा सोडते याची त्यांना नोंद हवी होती. कागदावर उभ्या एकोणीस रेघा, आडव्या एकोणीस. दोघी जवळ आल्या आणि एक सरकली, की त्या चौकोनात एक फुली. जी सरकते ती खालची. डॉक्टरबाई आणि हळूबाई रोज दुपारी कुंपणावर बसून हे करायच्या. हळूबाईला गंमत वाटे. हे कागदावर लिहायचं काय, हे तर घरात रोज चालतं, असं तिच्या मनात येई.

आणि खरंच येण्यासारखं होतं. वडिलांचं दोन खोल्यांचं घर, त्यात धाकटा भाऊ, भावजय आणि ती. आईचं अंथरूण धरणं लांबलं, त्यात हिचं लग्नाचं वय निघून गेलं; आई गेली आणि ही राहिली. वाईट घरात कुणीच नव्हतं. भावजय कधी वाकडं बोलली नाही. पण दारातून दोघं एकदम निघाले तर मागे सरायची ती हळूबाई. न्हाणीघराशी गाठ पडली तर "तू जा आधी" म्हणायची ती हळूबाई. तिला त्याचं दुःख नव्हतं. पाण्याने उताराला जावं तसं ते होतं.

महिनाभराने कागद भरला. सासूची ओळ फुल्यांनी काळी झाली होती. फक्त सात नंबरची ओळ कोरी, उभीही आणि आडवीही. डॉक्टरबाईंना वाटलं, हळूबाई हिच्या नोंदी करायला विसरली.

"विसरले नाही," हळूबाई म्हणाली. "ती कुणाला हलवत नाही. आणि तिला हलवायला कुणी जात नाही."

"मग तिला कितव्या नंबरला धरू?"

"तिला नका धरू. ती निघाली की बाकीच्या निघतात, एवढंच."

डॉक्टरबाईंनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. दटावणारी वेगळी आणि नेणारी वेगळी असं काही कळपांत दिसतं, पुस्तकात वाचलं होतं, पण बघितलं पहिल्यांदा, असं त्या म्हणाल्या.

तर अशी ती सात नंबर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळूबाई कुरणात आली तेव्हा अठरा घोड्या मधोमध उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. आदल्या दिवशीचं गवत तसंच पडलेलं. हौदात पाणी काठोकाठ, वर झाडाची पानं तरंगत होती. पानं काढायला म्हणून ती हौदाशी गेली. मागे काही हललं, म्हणून वळून बघते तर सगळ्या आल्या होत्या. हौदापासून चार हातांवर थांबल्या होत्या. सासूसुद्धा.

हळूबाईने पानं काढली. ऊन चढलं होतं म्हणून ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. मान वर केली, तेव्हा सासू पुढे झाली आणि पिऊ लागली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी, आणि सगळ्यांत शेवटी बारकी.

योगायोग, असं तिने मनाशी म्हटलं. पुढचा दिवस तिच्या सुट्टीचा होता. त्याच्या पुढच्या दिवशी आली तर मुकादम वैतागून सांगू लागला, काल दिवसभर एकीनेही पाण्याला तोंड लावलं नाही, बादल्या नेऊन ठेवल्या तरी नाही, काय खूळ शिरलंय या जनावरांच्या डोक्यात. हळूबाई हौदाशी गेली आणि तोंडावर पाणी मारलं. मागून सासूच्या घोटांचा आवाज आला, तेव्हा तिच्या पाठीवर काटा आला.

त्यानंतर ती कुंपणाच्या कडेने चालली की त्या चालायच्या. तिच्या मागे, दहा पावलांचं अंतर ठेवून. थांबली की थांबायच्या. एकदा तिने चालता चालता कान दिला. बहात्तर खूर आणि आवाज एकच. तिचा पाय पडायचा तेव्हा तो आवाज व्हायचा. तिने मुद्दाम एक पाऊल लांबवलं, पाय हवेत धरून ठेवला. मागे काहीच वाजलं नाही. तिने पाय टेकला आणि जमीन दणकली. तिने मागे वळून बघितलं नाही. वळून बघितलं तर त्यांची तोंडं दिसतील, याची तिला भीती वाटली.

डॉक्टरबाई पुन्हा कागद घेऊन कुंपणावर बसू लागल्या. आठ दिवस कागद कोरा राहिला. कुणी कुणाला जागा सोडत नव्हतं, कारण कुणी कुणाकडून जागा मागत नव्हतं. सासूने त्या आठ दिवसांत एकदाही कान पाडले नाहीत. मुकादमाला वाटलं, बरं झालं, भांडणं मिटली. डॉक्टरबाईंना ते बरं वाटेना. कळप शांत असणं आणि कळप गप्प बसणं यात फरक असतो, असं त्या हळूबाईला म्हणाल्या, आणि मग तिच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिल्या.

एका संध्याकाळी हळूबाई घरी आली. भाऊ नेहमीच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. ती दारात दिसताच तो उठला. उठून बाजूला उभा राहिला, हात मोकळे सोडून, आणि आपण का उठलो ते त्यालाच कळेना. दोघंही खुर्चीकडे बघत राहिले. शेवटी ती आपली आत गेली.

जेवायला बसल्यावर तिघांची ताटं वाढलेली, पण कुणी हात घालेना. भात निवत चालला.

"जेवा ना," हळूबाई म्हणाली.

"वन्सं, तुम्ही घ्या आधी," भावजय म्हणाली.

"मी का?"

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. "काय माहीत," ती म्हणाली. "तुमच्या आधी घ्यावंसं वाटेना, एवढंच."

हळूबाईने पहिला घास घेतला तेव्हा दोघांचे हात एकदम ताटात गेले. 

तिसऱ्या आठवड्यात बारकी पडली. गवत चघळता चघळता तिचे डोळे मिटले, मान खाली गेली आणि पुढचे पाय मोडल्यासारखी ती गुडघ्यांवर आली. दचकून पुन्हा उभी राहिली. डॉक्टरबाईंनी तिचे गुडघे पाहिले, मग एकेक करून सगळ्यांचे पाहिले. बहुतेकींचे सोललेले होते. जखमा जुन्या, नव्या, एकावर एक. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, मी फेरी मारतो तेव्हा सगळ्या उभ्याच असतात, मला वाटलं घोडी उभ्यानेच झोपते.

उभ्याने ती डुलकी काढते, डॉक्टरबाईंनी हळूबाईला समजावलं. खरी झोप लागायला घोडीला आडवं व्हावं लागतं. आणि आडवी झालेली घोडी म्हणजे आयती शिकार. ते भय त्यांच्या रक्तातच आहे. म्हणून बाकीच्या झोपतात तेव्हा एक तरी उभी राहते, पहाऱ्याला. ती उभी आहे याची खात्री असेल तरच बाकीच्या अंग टाकतात. सात नंबर गेल्यापासून या अठराजणींना ती खात्री उरलेली नाही. तीन आठवडे एकीच्याही डोळ्याला डोळा लागलेला नाही.

हळूबाईने ऐकून घेतलं. मग तिने कुंपणाची दांडी वर केली, आत गेली, कुरणाच्या मधोमध जाऊन थांबली आणि दूर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग मागे एक जड उसासा आला आणि जमिनीवर काहीतरी मोठं टेकल्यासारखं झालं. पुन्हा एक. पुन्हा एक. भर दुपारी, टळटळीत उन्हात, अठरा घोड्या तिच्या भोवती आडव्या झाल्या. माना लांब टाकून, पाय पसरून, मेल्यासारख्या. कुंपणापलीकडे डॉक्टरबाई उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला होता. त्या पावलं न वाजवता कुंपणापर्यंत आल्या.

"बाई, सगळ्या कधी एकदम झोपत नाहीत," त्या कुजबुजल्या. "एक तरी उभी राहतेच."

"एक उभी आहे ना," हळूबाई म्हणाली.

तेव्हापासून रोज दुपारी दीड तास ती उभी राहू लागली. डॉक्टरबाईंनी तसं लेखी कळवलं, उपचार म्हणून. मुकादम हसला, पण त्याला घोड्या धडधाकट हव्या होत्या, त्यामुळे त्याने आडकाठी घातली नाही. तिने बसून बघितलं. ती बसली की सगळ्या उठायच्या. डोळे मिटून बघितलं; पापणी टेकते न टेकते तोच पाठीमागे खूर खडखडायचे. त्या झोपलेल्या असताना तिच्या पापणीचा आवाज त्यांना कसा ऐकू येतो, याचा तिने विचार करायचं सोडून दिलं.

उभं राहून राहून तिला वेगळंच काही कळू लागलं. लांबच्या फाटकाची साखळी कुणी हातात घेतली की तिला ती ऐकू यायची. वारा फिरण्याआधी मानेवरचे केस उभे राहायचे. समोर काही नसायचं. रस्ता, विजेचे खांब, ऊन. पण काहीतरी येणार आहे आणि ते आपल्याला आधी दिसलं पाहिजे, या एकाच गोष्टीने डोकं भरून जायचं. पाय सुजायचे. तहान लागायची. झोपेत एखादी कण्हली की तिचा कान तिकडे लागायचा. तिने आठवून बघितलं तरी आठवेना, की अकरा वर्षांत सात नंबरला आडवं पडलेलं आपण कधी पाहिलं होतं का. पाहिलं असतं तर आठवलं असतं.

मग रक्ताचा दिवस आला.

खरं तर तो अजून आठ दिवसांनी यायचा होता. वरून मागणी वाढली होती, आणि मागच्या खेपेला सात नंबर मध्येच गेल्याने बाटल्या कमी भरल्या होत्या. डॉक्टरबाई सकाळी मुख्य कार्यालयात बैठकीला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत थांबावं, असं हळूबाईने सुचवून पाहिलं. मुकादम म्हणाला, सही मागाहून घेऊ, घोड्या आणायचं तुमचं काम, ते तुम्ही करा.

ती कुरणात गेली. म्होरकी घेतलीच नाही, गरज नव्हती. ती चालू लागली तशा अठराही निघाल्या. बारकी सगळ्यांत मागे. ऊन कोवळं होतं, धूळ बसलेली होती. बहात्तर खुरांचा एक आवाज तिच्या पावलांखाली चालला होता.

फाटकाशी आल्यावर तिचे पाय थांबले.

तिने थांबवले नाहीत, ते थांबले. एक पाय आवारात, एक कुरणात. मानेवर अठराजणींचा श्वास येत होता, ऊबदार, गवताच्या वासाचा, सगळ्यांचा एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर. आपल्या कातडीखाली काहीतरी बारीक थरथरतंय हे तिला कळलं. त्या दिवशी सात नंबरला काय झालं होतं तेही तेव्हाच कळलं. पुढे काय आहे ते तिला ठाऊक होतं. मागच्यांना ते ठाऊक नव्हतं, त्या फक्त तिच्या पाठीकडे बघत होत्या. आणि कुणीतरी टाळूला जीभ लावून 'टक्' केलं होतं.

मुकादमाने दारातून घड्याळ दाखवलं. मग हाक मारली. मग तो तावातावाने चालत आला.

"आज नाही," हळूबाई म्हणाली.

आवाज नेहमीचाच, हळू. पण शेडच्या पार आतल्या टोकाला बाटल्या मांडणाऱ्या माणसाने तो ऐकला आणि हातातली बाटली खाली ठेवली. त्याने ते नंतर सगळ्यांना सांगितलं.

मुकादम तिला बाजूला करायला हात पुढे करणार, तोच सासू रांगेतून बाहेर आली. तिच्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कान मागे पाडले. दात दाखवले नाहीत, नुसते कान. मुकादम एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. त्याने दोन गडी बोलावले, दोऱ्या आणवल्या. दोरी ज्या घोडीच्या गळ्यात पडायची ती लाकडासारखी ताठ व्हायची. ओढणाऱ्यांचे पाय घसरायचे, तिचे नाही. तासाभराने गडी दोऱ्या टाकून सावलीत जाऊन बसले. त्यातला एक म्हणाला, मला यात ठेवू नका, हे काही बरं दिसत नाही.

सकाळी नऊपासून दुपारी दीडपर्यंत ती फाटकात उभी होती. कुणी शेपटी हलवली नाही, माश्या बसल्या तरी नाही. दीड वाजता डॉक्टरबाई आल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी पेटी उघडली, एकेकीच्या मानेतून थोडं थोडं रक्त काढून नळ्यांत भरलं आणि प्रयोगशाळेत पळाल्या. परत आल्या तेव्हा हातात कागद होता. अठरांपैकी अकराजणींचं रक्त इतकं पातळ झालं होतं, की आज ते काढलं असतं तर चार-पाच तरी उभ्या राहिल्या नसत्या.

रक्त काढणं सहा आठवडे बंद ठेवण्यात आलं. दोन खेपांमधलं अंतर गेल्या वर्षापासून हळूहळू कमी होत गेलं होतं, ते पूर्ववत झालं. मुकादमाची दुसरीकडे बदली झाली. सात नंबरच्या मृत्यूचा कागदही डॉक्टरबाईंनी पुन्हा काढला आणि त्यावर वयाच्या जागी खरं कारण लिहिलं, पुन्हा पुन्हा घाईने रक्त काढल्याचं. ते लिहून झाल्यावर हळूबाई त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"त्या दिवशी मी तिला परत नेली असती तर?"

डॉक्टरबाईंनी पेन मिटलं. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं. "तर ती बहुतेक आज असती," त्या म्हणाल्या.

हळूबाईने मान हलवली. बरं झालं सांगितलंत, असं म्हणून ती निघाली, पण दारापर्यंत जायला तिला वेळ लागला.

हळूबाईलाही कुरणावरून काढलं. शिक्षा म्हणून नाही, असं पत्रात लिहिलं होतं, आणि खाली डॉक्टरबाईंचीच सही होती. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं. अठरा जनावरं एका माणसाच्या पापणीवर झोपत असतील तर ते माणूस आजारी पडलं की काय करायचं? घोड्यांनी आपल्यातलीच कुणीतरी शोधायला हवी. तुम्ही समोर असेपर्यंत त्या शोधणार नाहीत. हळूबाईला ते पटलं. तिची नेमणूक बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली. तिथून कुरण दिसत नव्हतं.

पहिले पाच दिवस घोड्या कुंपणाला लागून उभ्या होत्या, तोंडं बाटल्यांच्या खोलीकडे, असं तिच्या कानावर आलं. ती गेली नाही. जाताना मागच्या दाराने जायची, येताना मागच्या दाराने यायची. सहाव्या दिवशी डॉक्टरबाई खोलीच्या दारात आल्या, चेहऱ्यावर हसू होतं. दुपारी सगळ्या झोपल्या, म्हणाल्या. पहाऱ्याला कोण उभी राहिली असेल, ओळखा. हळूबाई चौदा नंबर म्हणाली, म्हणजे सासू. डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. तीन नंबर, म्हणाल्या. बारकी. सगळ्यांत खालची, जिला कुणी कधी विचारलं नाही, ती मधोमध उभी राहिली आणि सासूने तिच्या पायाशी अंग टाकलं.

हळूबाई हसली नाही. ती नीट खातेय ना, एवढंच तिने विचारलं, आणि ओल्या बाटल्या उपड्या घालू लागली.

बाटल्यांच्या खोलीत तिच्याशिवाय सहाजणी होत्या. गरम पाण्याची वाफ, साबणाचा वास, आणि काचेची एकसारखी किणकिण. दुपारी अर्धा तास सुट्टी. त्या अर्ध्या तासात सहाजणींची तोंडं एकदम सुटायची. कुणाची जाऊ, कुणाचं पोर, कुणाचं दुखणं. त्यांतली सगळ्यांत थोरली, हिला नवऱ्याच्या आजारपणापासून वर्षभर गोळीशिवाय झोप नव्हती. ती ते रोज नव्याने सांगायची. हळूबाई नवी म्हणून तिला बसायला बाकाचं टोक मिळालं होतं. ती तिथे बसायची आणि ऐकायची.

नवव्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर पाय आखडले म्हणून ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर लांबलचक व्हरांडा, दोन्ही टोकांना रिकामा. मागे बोलणं चालू होतं. थोड्या वेळाने ते विरळ झालं. मग एकच आवाज उरला, आणि तो वाक्याच्या मधेच थांबला.

तिने लगेच मागे बघितलं नाही. बघितलं तेव्हा सहाही जणी टेबलावर डोकं टेकून झोपल्या होत्या. थोरलीचं तोंड किंचित उघडं होतं, हात लहान मुलासारखा सैल पडला होता. सहाजणींचे श्वास एकाच वेळी आत जात होते आणि एकाच वेळी बाहेर येत होते.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही. व्हरांड्याच्या टोकाला कुणाची तरी पावलं वाजू लागली, अजून बरीच लांब होती. हळूबाईने त्या दिशेला तोंड केलं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला, आणि उभी राहिली.